गुरुदासचा डावा कौल

गुरुदासला एका जागी बसवत नाही. तसं कधीच बसवत नव्हतं, पण त्या गुरुवारी दुपारी त्याच्या पायाला जी भिंगरी लागली ती सोमवारपर्यंत सुटली नाही. फाटकापासून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरापासून मागची विहीर, विहिरीपासून परत फाटक. स्वयंपाक करणारी रेश्मा शेवटी वैतागली. म्हणाली, "गुरुदासदादा, सरकारने कदेल दिलंय ना बसायला? की ते पण आम्हीच बसून दाखवायचं?" तो कदेलावर, म्हणजे त्या मोडक्या खुर्चीवर, टेकला; आणि तिची पाठ वळते न वळते तोच उठला.

गुरुदास डिचोली तालुक्यातल्या एका मुलांच्या सुधारगृहात केअरटेकर आहे. बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्याला ती पिवळी इमारत. कायद्याच्या कचाट्यात सापडलेली अठराच्या आतली मुलं तिथे ठेवतात. बसचे कंडक्टर अजून "रिमांड, रिमांड!" म्हणून ओरडतात आणि भेटायला आलेल्या आया माना खाली घालून उतरतात. मेल्यांना कितीदा सांगितलं, बाबांनो, नाव बदललंय. ऐकतील तर शपथ!

नावं तरी किती बदलली! गुरुदास पहिल्यांदा तिथे आला तेव्हा पाटीवर 'सुधारशाळा' होतं. शाळा कसली डोंबलाची? सकाळी कवायत, मग काथ्या वळायचा, दुपारी भाजीचे वाफे, संध्याकाळी मोजणी. डोकी तासलेली, सगळ्यांना एकाच कापडाच्या खाकी चड्ड्या, आणि नावाऐवजी नंबर. वेताची छडी साहेबांच्या मेजावर राजरोस पडलेली असायची. मग नवा कायदा आला, पाटी बदलली. पुन्हा कायदा आला, पुन्हा बदलली. बालगृह झालं, निरीक्षण गृह झालं, विशेष गृह झालं. दर वेळी शिडीवर चढून जुनं नाव खरवडणारा आणि नवं रंगवणारा गुरुदासच. आता मुलं आपापले कपडे घालतात, समुपदेशक मॅडम येतात, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे आहेत, छडी तर कधीच गेली. हे चांगलंच झालं. ज्याने छडी खाल्लीय त्याला विचारा. पण एक गोष्ट कुठल्याही कायद्याला बदलता आली नाही. मुलगा सुटायच्या दिवशी त्याला न्यायला कोणी येणार की नाही, हे तेव्हाही सांगता येत नव्हतं आणि आताही येत नाही.

गुरुदासला न्यायला कोणी आलं नव्हतं.

हो, तो त्याच शाळेतला मुलगा. मूळचा पेडण्यातल्या हळर्णकडचा. चौऱ्याऐंशी साली, तेरा वर्षांचा असताना, गावातल्या दोन थोराड पोरांच्या नादी लागून त्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागायतीतला पाण्याचा पंप चोरला. थोराड दोघे पुढे, पंप मध्ये, हा मागे. माणसांची चाहूल लागताच पुढचे दोघे पसार! ह्याच्या एकट्याच्याने पंप हलेना आणि टाकून पळायला जीव होईना, म्हणून हा शहाणा पंपावरच बसून राहिला. पोलिसांना धावावंसुद्धा लागलं नाही. ही गोष्ट तो स्वतःच मुलांना रंगवून सांगतो आणि मुलं पोट धरून हसतात. पुढची गोष्ट तो सांगत नाही.

पुढची गोष्ट अशी. शहाऐंशी साली त्याची मुदत संपत आली तेव्हा थोरला भाऊ कृष्णनाथ भेटायला आला. बाप नव्हताच, घरात आई प्रभावती आणि हा भाऊ. कृष्णनाथ फाटकाच्या आतसुद्धा आला नाही. गजांतूनच म्हणाला, "देवाक कौल लावलो. डावो दिल्यान. देव म्हणता, ह्याका घरात घेव नको." एवढं बोलून गेला तो गेलाच.

बाहेरच्या माणसाला हे काय कळणार! पण तिकडच्या गावांत मोठं काम ग्रामदेवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याच्यावर अपील नाही, वकील नाही. पंधरा वर्षांच्या पोराने काय करावं? त्याने मुकाट्याने मान डोलावली. त्याच उन्हाळ्यात आई तापाने गेल्याचं कार्ड आलं, तेसुद्धा बारावं उरकल्यावर.

मग तो तिथेच राहिला. साहेबांनी स्वयंपाकघरात घेतला, अठरा पुरी झाल्यावर रोजंदारीवर लावला, पुढे कायम केला. आवारातच एक खोली मिळाली. लग्न केलं नाही; मुलगी बघायला जायचं तर घर कुठलं सांगणार? गावाकडे तर एकदाही फिरकला नाही. देवाने नको म्हटलेल्या जागी कशाला तोंड दाखवायचं? भावाचा राग त्याला कधी आला नाही, आईचा तर नाहीच. देवापुढे त्यांचं काय चालणार, असं तो धरून चालला. अडतीस वर्षं.

आणि आता हा प्रज्योत. सोळा वर्षांचा, बोलका, खाण्याचा लोभी. हरमलला पाहुण्यांच्या खोल्या झाडायचं काम करायचा आणि पाहुण्यांच्या स्कूटर उचलून मित्रांबरोबर उंडारायचा. तिसऱ्या स्कूटरला पकडला गेला. इतक्या वर्षांत गुरुदासच्या स्वतःच्या गावचा मुलगा सुधारगृहात आला तो हा पहिलाच. त्याने "दादा, उंडो आसा?" असं पेडणेकरी हेलात विचारलं की गुरुदास आपल्या वाटणीचा पाव त्याच्या ताटात टाकायचा. वर्ष नीट गेलं, अहवाल चांगला झाला आणि येत्या सोमवारी बाल न्याय मंडळापुढे त्याची सुटका होणार असं ठरलं. अट एकच. घरच्या माणसाने यायचं, हमीपत्रावर सही करायची आणि मुलाला न्यायचं.

गुरुवारी प्रज्योतचा काका अविनाश आला. पेडण्याच्या बाजारात त्याचं दुकान. प्रज्योतचा बाप बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात, त्यामुळे घरात शब्द चालतो तो काकाचा. त्याने पोराच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आमी देवाक कौल लावलो. डावो पडलो. आता देवाच्या वर आमी कोण? सोमवारी कोण येवचा नाय." प्रोबेशन ऑफिसर सिद्धी मॅडम त्याच्यावर उखडल्या, कायदा सांगितला, पण तो ढिम्म. कोणी आलं नाही तर मुलगा अठरा पुरी होईपर्यंत दक्षिणेकडच्या दुसऱ्या संस्थेत जाणार, असं मॅडम म्हणाल्या. "व्हरा," काका म्हणाला आणि उठला. न्या म्हणे! पोर आहे की पोतं?

गुरुदास दाराशी उभा होता. डावो. तेच शब्द, तोच हेल. जणू कृष्णनाथच बोलून गेला.

प्रज्योतने रात्रीचं ताट परत पाठवलं, शुक्रवारचंही पाठवलं. आणि दुपारी विहिरीशी येऊन त्याने विचारलं, "दादा, देवाक माजो इतको राग आसा?" अडतीस वर्षं गुरुदास हाच प्रश्न पोटात घेऊन फिरत होता. त्याने उगाच बादली विहिरीत सोडली, ओढून वर काढली आणि पाणी तसंच जमिनीवर ओतून टाकलं.

पण त्या फेऱ्यांत त्याच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. कौलात प्रश्न कसा घातला त्यावर सगळं असतं. शब्द तिरका गेला की उत्तर तिरकं. 'पोराला घरात आणू का?' असं विचारलंय, की 'पोराने घराण्याला बट्टा लावला, तरी आणू का?' असं विचारलंय? प्रश्नच वाकडा असेल तर सरळ करून पुन्हा घालता येतो, तशी रीत आहे. म्हणजे गावात जायला हवं. शनिवारी सकाळी त्याने रेश्माला सांगितलं, "दुपारपर्यंत येतो," मोटरसायकलला किक मारली आणि निघाला. वाटेत दोनदा थांबला, दोनदा परत फिरावंसं वाटलं. एकदा तर खरोखर फिरला आणि शंभर पावलांवरून स्वतःला शिव्या घालत पुन्हा वळला.

देऊळ त्याने ओळखलंच नाही. त्याच्या आठवणीतलं कौलारू, बुटकं. हे उंच, शिखराचं, आत गुळगुळीत लादी. पायरीवर गुरवाची आई वत्सला अबोलीचा वळेसर ओवत बसली होती. ऐंशीची असेल, पण नजर सुईसारखी. देवाला फुलं देणारी तीच. त्यामुळे कौल लागला आणि हिला ठाऊक नाही, असं होणं शक्य नव्हतं.

"कोणाचो रे तू?" तिने विचारलं.

"गुरुदास. प्रभावतीचो धाकटो."

"मरे! पंपार बसलेलो?" म्हातारी खो खो हसली. मग तिने त्याचा चेहरा बघितला आणि बाजूची जागा हाताने झाडून म्हणाली, "बस."

तो बसला नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "अविनाशान पुतण्याचो कौल लावलो, तेव्हा गाऱ्हाण्यात शब्द काय घातल्यान?"

"खंयचो कौल?"

"प्रज्योताचो. सुधारगृहातल्या."

"कोण येवक नाय बाबा तसलो प्रश्न घेवन," वत्सला म्हणाली. "दिवाळीपासून कौल लागले ते सगळे माका तोंडपाठ आसत. जमिनीचे तीन, सोयरिकीचे पाच, एक म्हशीचो. पोराचो नाय."

म्हणजे कौल लावलाच नव्हता! देवाचं नाव पुढे करून त्या माणसाने सरळ सरळ थाप मारली होती. कोणाची हिंमत होईल असं करायची? त्याच्या डोक्यात भडका उडाला. आणि त्या भडक्यातच, खरं तर विचारायचं नसताना, त्याच्या तोंडून गेलं, "आनी माजो? शहाऐंशीत लावलेलो, तो डावो पडलेलो मगे?"

वत्सलाने वळेसर मांडीवर ठेवला. "शहाऐंशीत? शहाऐंशीत देऊळ खंय होतां रे? पंच्याऐंशीत जुनां मोडलां. देव बाजूक पत्र्याच्या खोपीत. सत्याऐंशीत नवीन देवळात बसयलो, तवसर सगळे कौल बंद. दोन वर्सां गावात कोणी कसलोच कौल लावक नाय."

"कृष्णनाथ म्हणालो—"

"कृष्णनाथ काय म्हणालो तां ताका विचार. मी तुज्या आवयचां सांगतंय. दर सोमवारी ती त्या खोपीकडे येय. माका विचारी, गे, कौल कधी उगडतलो? माज्या झिलाक हाडूचो आसा, देवाक विचारल्याबगर कशी हाडू? मी म्हणय, थोडे दिस रव. वर्सभर येत होती, बाबा. मागीर तापान पडली."

गुरुदास खाली बसला. आईने त्याला टाकलं नव्हतं. ती वाट बघत होती. आणि देवानेही टाकलं नव्हतं, त्याला तर कोणी विचारलंच नव्हतं! त्याला कृष्णनाथाचं नरडं धरावंसं वाटलं, आईच्या पायावर डोकं आपटावंसं वाटलं, आणि त्याहून विचित्र म्हणजे आईचाच राग आला, आयुष्यात पहिल्यांदा. का थांबलीस गं? त्या खोपीत कौल नव्हता, तर नव्हता. बस डिचोलीला येत होती ना? चढायचं होतं आणि यायचं होतं!

कृष्णनाथाचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, कोणीतरी उभं होतं. गुरुदासने मोटरसायकल तिकडे वळवली, क्षणभर थांबवली आणि मग काढून नेली. त्याचं भांडण अडतीस वर्षं थांबलं होतं, अजून थांबलं असतं. प्रज्योतकडे दोनच दिवस होते.

प्रज्योतची आई योगिता ओसरीवर तांदूळ निवडत होती. गुरुदासने आपली ओळख सांगितली तशी तिने सूप बाजूला ठेवलं आणि रडू लागली. "माका पोर नको आसां नाय ओ, दादा. भावोजी म्हणाले कौल डावो पडलो. घोवान फोनार सांगलां, भाव म्हणता तसां कर. देवान नको म्हटल्यार मी काय करू?"

"कौल लावूकच नाय कोणी," गुरुदास म्हणाला. "मी आत्ताच देवळात विचारून इलंय."

योगिताचं रडणं थांबलं. ती उठली, डोळे पदराला पुसले, चेहरा एकदम उजळला. "मग चला! आत्ताच लावया. तुमी साक्षीक रवा. उजवो पडलो की सोमवारी पयल्या बशीन येतंय."

एवढ्यात अविनाश बाजारातून आला. त्याने सगळं ऐकलं होतं. चोरी पकडली गेली म्हणून आधी तो ओशाळला, मग सावरला. त्याची मुलगी उजवायची होती, घरात सुटून आलेला पुतण्या त्याला परवडणारा नव्हता. "बरां," तो म्हणाला, "लावया कौल. रीतीन लावया. पण उद्या अमावस्या, परवा मानकऱ्यांका वेळ नाय. बुधवारी बसया. देव सांगात तसां."

"बुधवारी चलात," योगिता घाईघाईने म्हणाली. "बुधवारी उजवो पडलो तर..."

"बुधवारी पोर दक्षिणेक पोचलेलो आसतलो!" गुरुदास ओरडला. इतक्या जोरात की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सुधारगृहात त्याने मुलांवरसुद्धा कधी असा आवाज चढवला नव्हता. "वहिनी, कौल लावू नका. आज नको, बुधवारी नको. देवाक विचारूच नका!"

देवाला विचारू नका, असं त्या ओसरीवर कोणी कधी बोललं नसेल. अविनाशने कानांवर हात नेले. योगिता घाबरून मागे सरली.

"माजी आवय विचारूक रवली," गुरुदास म्हणाला. "चांगली होती, देवभोळी होती. कौल उगडात, मग पोराक हाडीन, म्हणान वर्सभर रवली आनी मेली. मी आजून थंयच आसंय. त्याच फाटकात. तुमचां पोर दोन दिस जेवूक नाय."

योगिता सूप उचलून घरात गेली. अविनाशने त्याला हाताला धरून अंगणाबाहेर काढलं आणि तोही निमूट निघाला. आणखी काय करणार होता?

रविवारी त्याने सुधारगृहाचं सगळं आवार झाडलं, मग पुन्हा झाडलं. प्रज्योतला काहीच सांगितलं नाही. आशा दाखवायची आणि कोणी यायचं नाही, त्यापेक्षा नको. रेश्मा म्हणाली, "तुमचं काय बिनसलंय?" त्याने तिला ताड्‌कन उत्तर दिलं आणि पाच मिनिटांनी जाऊन माफी मागितली.

सोमवारी अकराला कचेरीच्या वरच्या मजल्यावर मंडळ बसलं. बाहेरच्या बाकावर प्रज्योत, शेजारी सिद्धी मॅडम, आणि गुरुदास जिन्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालतोय. साडेअकराची बस आली, गेली. बाराची आली. तिच्यातून दोन कॉलेजच्या मुली उतरल्या. प्रज्योत बसकडे बघतसुद्धा नव्हता; नखाने बाकाचा रंग खरवडत होता. सव्वाबाराला आतून नाव पुकारलं. मॅडमनी आत जाऊन आणखी अर्धा तास मागून घेतला. दुसऱ्या संस्थेची गाडी खाली येऊन उभी होती आणि तिचा ड्रायव्हर दोनदा विचारून गेला, "निघायचं का?"

पाऊण वाजता योगिता जिना चढून आली. एकटीच. बसमधून उतरून ती धावत आली असावी, केस सुटलेले, धाप लागलेली, हातात पिशवी आणि पिशवीत प्रज्योतचा नवा शर्ट. आत मंडळाच्या साहेबांनी विचारलं, "घरातलं दुसरं मोठं माणूस कोण आलंय?" तर म्हणाली, "मीच मोठी. मी आवय." हमीपत्रावर तिने सही केली. अक्षर स्वच्छ आलं.

बाहेर आल्यावर प्रज्योत तिच्याकडे बघत उभा राहिला. जवळ जायची त्याला हिंमत होईना. शेवटी हळूच म्हणाला, "आई, आनी कौल?"

"रवांदे तो कौल," योगिता म्हणाली आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. "देवाक मागीर सांगया. तू आदी घरा चल."

दोघं जिना उतरून गेली. गुरुदास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडू लागला, त्रेपन्न वर्षांचा बाप्या, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. सिद्धी मॅडम घाबरल्या. म्हणाल्या, "अहो गुरुदास, काय झालं? गेला ना मुलगा घरी?"

"काय नाय, मॅडम," तो म्हणाला. "'घरा चल.' इतक्यांच आयकूचां होतां माका."